पुराची रेघ कोणत्या रकान्यात लिहायची?

नारायण पेठेतील एका वाड्याची वारसा-नोंद करताना जिन्याजवळच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर तेलरंगात ओढलेली रेघ दिसली आणि तिच्याशेजारी ‘१२-७-६१’ एवढेच लिहिलेले होते. पुणेकराला आणखी काही सांगावे लागत नाही. त्या दिवशी आंबी नदीवरचे बांधकाम सुरू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने मुठेवरचे खडकवासला धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

आमच्या नोंदपत्रकात बांधकामाचा काळ, शैली, मालकी आणि सद्यःस्थिती यांना रकाने होते, आपत्तीला मात्र नव्हता. म्हणून ती रेघ ‘इतर शेरा’ या कोपऱ्यात कोंबावी लागली. वास्तविक मातीत रचलेल्या विटांच्या भिंती पाण्याने विरघळल्या आणि लाकडी सांगाडा तेवढा उरला, अशा वाड्यात कोणती भिंत पेशवाईतील व कोणती १९६१ नंतरची हे ठरवायला हीच माहिती लागते.

उंची मोजतानाही सावध राहावे लागते. डांबराचे थर चढत जाऊन रस्ता वर आला असेल, तर रस्त्यापासून मोजलेले पाणी खऱ्यापेक्षा कमी भरते. मी जुन्या जोत्याच्या दगडापासून टेप लावला, संदर्भबिंदू छायाचित्रात दाखवला आणि रेघ कोणी, कधी ओढली याची वाड्यातल्या आजींनी सांगितलेली हकिकत वेगळी लिहिली. पुढच्या आठवड्यात तिथे रंगकाम होते.