जोडीने साखर मोजताना

रक्तातल्या साखरेची एचबीए१सी ही तपासणी केली, ५.९ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पण हा आकडा साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कुठल्या ताटाने ती चढवली ते नाही. ते कळावं म्हणून ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून घरीच साखर मोजणारं यंत्र, घेतला आणि जोडीने मोजू लागले: खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. घड्याळ पहिल्या घासाला लावायचं, हात धुतल्यावर नाही.

बऱ्याच गफलती मोजण्यातच होतात. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखरही मोजली जाते, म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. रक्त येत नसेल तर आधी हात कोमट पाण्यात धरावा. बोट जोरात पिळलं की रक्तात आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. स्ट्रिप (रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी) काढली की डबीचं झाकण लगेच लावायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. एवढं करूनही मीटर १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा १३२ आणि १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांच्या फरकात अर्थ शोधू नये.

वहीत आधीचा आकडा, नंतरचा, फरक आणि काय किती खाल्लं. एका वेळी एकच बदल. न्याहारीला आधी चहातली साखर काढली, फरक थोडाच पडला. मग पोहे निम्मे करून सोबत वाटीभर मटकीची उसळ घेतली, तेव्हा आकडा खरा हलला. गुळाचा चहा हा साखरेचाच चहा. खिचडीतला साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट, उपवास असला तरी! ज्वारीची भाकरीही मोजूनच. जेवताना काकडी, उसळ आधी आणि भात शेवटी, वर पंधरा मिनिटं चालणं, एवढ्यानेही चढ कमी होतो.

सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र हट्टी. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, यकृत साठवलेली साखर सोडतं. त्यावरून रात्रीचं जेवण बंद करू नये.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करायचं नाही. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं.