मांजर गादीवर शू करतंय? फिनेल बाजूला ठेवा

बोका सारखा शू-शीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबभरच शू होतेय? मग सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बाकी मांजरांचीही लघवी आधी तपासून घ्या, सवयींचं नंतर बघू.

तपासणीत काही निघालं नाही, तर ट्रे बघा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो बहुतेकदा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून असतो. मशीन स्पिनला लागलं की मांजर दचकतं आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. तो शांत कोपऱ्यात हलवा. मांजरं दोन, तर ट्रे तीन. लांबी मांजराच्या दीडपट, लिटर (ट्रेमधली वाळू) दोन इंच जाड, बिनवासाचं. घाण रोज दोनदा काढायची.

सगळ्यात जास्त चुकतं ते डाग पुसताना. फिनेल मांजरांना विषारी ठरू शकतं, हे कामाच्या मावशींनाही सांगा. अमोनियावाल्या क्लीनरने वास उलट वाढतो. शू टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइम क्लीनर (शूचे घटक मोडून वास घालवणारं) ओता, अगदी सढळ हाताने, कारण कापसाच्या गादीत शू खोल मुरते आणि वरवर फवारून काही होत नाही. पावसाळ्यात गादी वाळता वाळत नाही, त्यामुळे जूनआधीच वॉटरप्रूफ कव्हर घाला.

उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर उडवत असेल तर ते हद्द आखणं. नसबंदी करून घ्या. खाली सोसायटीतला बोका दिसत असेल, तर खिडकीच्या खालच्या काचेला धुरकट फिल्म लावा.