वाळवंटातलं निळं फूल मुंबईच्या गॅलरीत

मावशी, फोटोतलं ते निळं फूल मुलुंडच्या गॅलरीत येईल का, असं तू विचारलंस. येईल. पण फक्त थंडीत, आणि आपण कुंड्यांचे जे लाड करतो ते याच्या बाबतीत आवरते घेतले तरच. दादर-डोंबिवलीच्या मंडळींनीही हेच विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे अमेरिकेत त्याला डेझर्ट ब्लूबेल म्हणतात. शास्त्रीय नाव फॅसेलिया कॅम्पॅन्युलॅरिया. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं हे वीतभर, फार तर हातभर उंचीचं रोप. फुलं घंटेच्या आकाराची आणि निळा रंग इतका गडद, की फोटोत तो अर्धासुद्धा उतरत नाही. जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये हे खडकांच्या कडेने उगवलेलं दिसतं. जुलैत मुंबईत एखाद्या दिवशी कोसळतो तेवढाच पाऊस तिथे अख्ख्या वर्षात पडतो! हिवाळ्यातल्या त्या थोड्या सरींवर बी रुजतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा तापायच्या आत बी टाकून रोप संपतं. आपल्या तेरड्यासारखंच एका हंगामाचं.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्याच्या बियांचं. सगळ्या बिया एकाच वर्षी रुजत नाहीत. काही मातीतच थांबतात, म्हणजे एखाद्या साली पाऊस दगा देऊन गेला तरी वंश टिकतो. २०१७ आणि २०१९ साली पाऊस चांगला झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्याच अँझा-बोरेगोच्या वाळवंटात अशाच थांबलेल्या बियांतून रानफुलांचे ताटवे फुलले आणि ते बघायला माणसांची रीघ लागली.

आता गॅलरीचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात बी पेरू नकोस, रुजणार नाही. नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबरात, रात्रीचा पारा विशीच्या खाली उतरू लागला की पेर. तुझी गॅलरी दक्षिणेकडची आहे हे फार चांगलं, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि ऊन थेट आत येतं. त्याला भरपूर ऊन हवं.

कुंडी मातीची घे, तळाला भोक असलेली. अर्धी तांबडी माती, अर्धी जाड वाळू. चौपाटीवरची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, तेही नको. शेणखत, गांडूळखत काहीच घालू नकोस. पानं माजतात आणि फुलं रुसतात.

बी बारीक असतं, पण नुसतं वरून भुरभुरायचं नाही. या बीला रुजायला अंधार लागतो, म्हणून वर तीन-चार मिलिमीटर मातीचा थर हवाच. पेरायचं तेही थेट मोठ्या कुंडीत, कारण रोप उपटून दुसरीकडे लावलं की मुळं दुखावतात आणि ते सहसा सावरत नाही. कोंब वर येईपर्यंत माती स्प्रेने ओलसर ठेव. साधारण एक ते तीन आठवडे लागतात. दाटी झाली तर जादा रोपं कात्रीने कापून टाक, वीतभर अंतर राहू दे.

त्यानंतर मात्र हात आखडता घे. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही, आणि कुंडीखालची ताटली काढून ठेव. मुंबईच्या दमट हवेत हे रोप उन्हाने जाण्याआधी मुळं कुजून जाण्याचीच भीती जास्त. सगळं जमलं तर संक्रांतीनंतर कळ्या दिसतील, आणि मधमाश्या तर येतीलच. पानांवर चिकट लव असते, तिने काहींच्या कातडीला पुरळ येतं. नातवाला हात लावू देऊ नकोस आणि स्वतः हातमोजे घाल.

बिया मात्र मी इथून पाठवणार नाही. भारतात बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. तिथल्याच बियाणे विक्रेत्याकडे हिवाळी फुलांमध्ये फॅसेलिया विचार. मार्चमध्ये बोंडं वाळली की बी कागदाच्या पुडीत बांध आणि पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. पुढच्या डिसेंबरात तेच पेरता येईल.