सिंक होईना, आणि कारण निघालं ‘ऱ्या’

माझी गाणी दोन संगणकांवर आहेत. मूळ फाइल्स लिनक्सवर आणि त्यांची प्रत जुन्या मॅकवर. कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, किती तारे दिले, याचा हिशेब मात्र दोन्हीकडचे प्लेअर आपापला ठेवतात. तो जुळवायला एक प्लगिन, म्हणजे प्लेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, घेतलं. मॅकवरच्या लायब्ररीची एक्सएमएल फाइल ते वाचतं, फाइलच्या पाथवरून, म्हणजे फोल्डरसकट पूर्ण पत्त्यावरून, लिनक्सच्या डेटाबेसमधलं तेच गाणं शोधतं आणि आकडे तिथे लिहितं.

सुरुवातीला काहीच जुळेना. ते साहजिक होतं, दोन्हीकडचे फोल्डर वेगळे. ‘हा पाथ म्हणजे तो पाथ’ अशी जोडी सेटिंगमध्ये भरली आणि बहुतेक गाणी जुळली. उरलेल्यांपुढे लॉगमध्ये, म्हणजे प्लगिनच्या नोंदवहीत, एकच वाक्य: फाइल सापडली नाही. फाइल तर तिथेच होती, डबल क्लिक केलं की वाजतही होती!

उरलेली जवळजवळ सगळी मराठी. म्हणजे प्लगिनला देवनागरी कळत नाही, असं म्हणावं तर कितीतरी मराठी गाणी बिनबोभाट जुळलेली. यादी नीट वाचल्यावर लक्षात आलं, अडलेल्या प्रत्येक नावात ‘वाऱ्या’, ‘किनाऱ्या’, ‘दुसऱ्या’ असं काहीतरी आहे. त्यांच्यातच एक फ्रेंच गाणंही बसलं होतं, अक्षरावर तिरकी खूण असलेलं. मला खरा धागा त्याने दिला.

एक्सएमएलमध्ये देवनागरी पाथ वाचणं म्हणजे शिक्षाच. एका अक्षराचे तीन बाइट, प्रत्येक बाइट दोन चिन्हांत लिहिलेला आणि त्यापुढे टक्क्याचं चिन्ह, म्हणजे अक्षरामागे नऊ चिन्हं. ते उलगडून दोन्हीकडची नावं शेजारी ठेवली. लिनक्सवर ‘ऱ’ हे एकच अक्षर होतं, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ०९३१. मॅकवर त्याच जागी साधा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब), अशी दोन. फ्रेंच नावातलं अक्षर आणि त्याची खूणही तिथे तशीच सुटी. डोळ्यांना फरक शून्य. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत, नावं अशी सुटी करूनच साठवते, आणि प्लगिन बाइटला बाइट लावून बघत होतं.

उपाय ओळखीचा होता. तुलनेआधी दोन्ही नावं एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणायची, ज्यात सुटे भाग शक्य तिथे जोडले जातात. प्लगिन पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असल्यामुळे त्यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन तयारच मिळालं. पण ते दोन्ही बाजूंना लावावं लागतं. हिंदी-उर्दू नावांतले ‘ज़’, ‘फ़’ एनएफसीतही सुटेच होतात, त्यामुळे लिनक्सवरचं नाव आधीच नीट आहे असं धरून चालत नाही. शिवाय हे रूप फक्त तुलनेपुरतं वापरायचं, फाइल उघडायला मूळ पाथच हवा.

तरीही थोडी गाणी अडलीच. त्यांत लिनक्सवरचा ‘ऱ्य’ तिसऱ्याच पद्धतीने टाइप केलेला निघाला: र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मागे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. मॅकवरच्या प्रतीला कधीतरी नवं नाव दिलेलं, त्यात हा जॉइनर नव्हता, नेहमीचा ‘ऱ्’ होता. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समान नाहीतच, त्यामुळे नॉर्मलाइझ त्यांना हातही लावत नाही. सगळे जॉइनर उडवून टाकायचा मोह झाला, पण जोडाक्षर कसं दिसावं हे अनेकदा त्यांच्यावरच ठरतं. म्हणून तेवढीच तीन चिन्हांची जोडणी ‘ऱ्’मध्ये बदलणारी एक ओळ आधी घातली.

चाचणी डेटाबेसच्या प्रतीवर घेतली, प्लेअर बंद ठेवून. ऐकल्याच्या संख्येसाठी बेरीज न निवडता ‘मोठी संख्या’ निवडली, नाहीतर प्रत्येक सिंकला आकडा फुगत जातो.

तारे मात्र मी अजून बंदच ठेवले आहेत. अल्बमला तारे दिले की मॅकवरचा प्लेअर त्यातल्या गाण्यांना अंदाजे तारे लावतो आणि एक्सएमएलमध्ये तशी नोंदही करतो. प्लगिन ती नोंद बघत नाही. मी कधी न ऐकलेली गाणी तिकडे पाच तारे मिरवत होती.