पाटीभर केर

आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर एका सोनाराची पेढी होती. ती उघडायच्या आत, भल्या पहाटे, एक झारेकरी, म्हणजे सोनाराच्या केरातून सोन्याचे कण काढणारी, बाई दारासमोरची फरशी आणि गटाराची कड बारीक ब्रशाने झाडून तो केर पाटीत भरून नेत असे. त्यात सोने असते, असे आई सांगायची; पण मला त्या पाटीत मातीखेरीज कधीच काही दिसले नाही, त्यामुळे आई आपली चेष्टा करते अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

जॉन ह्यूस्टनचा ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ हा १९४८ सालचा चित्रपट गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला, तेव्हा ती पाटी डोळ्यांसमोर आली. सोन्यावरचा हा चित्रपट कृष्णधवल आहे, म्हणजे सोन्याचा पिवळा रंग त्यात औषधालाही नाही. मेक्सिकोतील तंपिको बंदरात बेकार भटकणारे डॉब्ज आणि कर्टिन हे दोन अमेरिकन हॉवर्ड नावाच्या म्हाताऱ्या जाणकाराबरोबर डोंगरात जातात. तिथे एका खडकात काहीतरी लखलखताना दिसताच दोघे त्यावर पाणी ओतून नाचायचेच बाकी राहतात. म्हातारा मात्र एका नजरेत ओळखतो, की हे फसवे सोने आहे, आणि वर पाणी वाया घालवल्याबद्दल दोघांची खरडपट्टी काढतो. पुढे जे खरे सोने निघते ते दिसायला निव्वळ वाळू असते, आणि ते त्यांच्या पायांखालीच असल्याचे सांगताना म्हातारा जो नाच करतो, तेवढ्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा. ती भूमिका दिग्दर्शकाचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांची. त्या वर्षी बापलेक दोघांनाही ऑस्कर मिळाले. (डॉब्ज ज्या पांढऱ्या सुटातल्या गृहस्थाकडे पुन्हा पुन्हा भीक मागतो, तो गृहस्थ म्हणजे स्वतः दिग्दर्शक!)

सोने महाग का, याचा हॉवर्डने मांडलेला हिशेब मला कोणत्याही सराफाच्या हिशेबापेक्षा पटतो. हजार माणसे सहा महिने शोधतात आणि एकाला सापडते. तेव्हा त्याच्या हातातल्या सोन्यात उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांची मेहनतही मोजावी लागते. हिशेब असा चोख आहे, पण डोंगरात रोज रात्री तराजू निघू लागतो आणि तिघांच्या नजरा बदलत जातात. चमकत नसलेल्या वस्तूचा मोह वजनातूनच जडत असावा. एका रात्री डॉब्जला जाग येते तेव्हा म्हातारा जागेवर नसतो. तो परत येतो तोवर डॉब्ज आपले लपवलेले सोने तपासायला निघालेला असतो, आणि मग कर्टिन उठतो. कुणी काही चोरलेले नसते, तरी पहाटेपर्यंत धड कुणालाच झोप लागत नाही. तोळा म्हणजे शहाण्णव गुंजा हे पाठ केलेल्या आमच्या पिढीला यातली गंमत आणि भीती दोन्ही समजायला हरकत नाही.

शेवटी एकट्या पडलेल्या डॉब्जला दरोडेखोर ठार मारतात. त्यांना हवी असतात गाढवे आणि कातडी. कातड्यांत दडवलेल्या पिशव्या फाडल्यावर आत वाळू दिसते, आणि विकताना कातड्यांचे वजन वाढावे म्हणून ही लबाडी केली असणार, असे समजून ते ती तिथेच ओतून टाकतात. कापूस ओला करून काट्यावर ठेवण्याच्या युक्त्या ऐकत वाढलेल्या माणसाला त्यांचा हा तर्क चुकीचा म्हणवत नाही. मग वारा सुटतो, दहा महिन्यांची कमाई पुन्हा डोंगराच्या दिशेने उडते, आणि म्हातारा गडगडाटी हसू लागतो. मला त्याच्याबरोबर पुरते हसता आले नाही. आमची झारेकरी बाई तिथे असती, तर तिने आधी वाऱ्याकडे पाठ केली असती आणि पदर खोचून पाटी जमिनीला टेकवली असती.