सोफ्यावरची पोरं

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

आज संध्याकाळी बाबांनी परत सोफ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या पोरांना पोहे दिले का?" सोफ्यावर इस्त्रीचे कपडे होते फक्त. आधी मी वाद घालायचो, आता म्हणतो हो दिले, शेव-जीरावन टाकून दिले, मग ते निवांत होतात. आईला पटत नाही, खोटं कशाला बोलायचं म्हणते, पण काल त्याच पोरांसाठी हॉलचा लाइट तिनेच चालू ठेवला होता.

लुई बॉडी डिमेन्शिया, विसरणं आणि असले भास दोन्ही होणारा मेंदूचा आजार. नाव कळून तीन महिने झाले. त्याआधी एका डॉक्टरने भासांसाठी हॅलोपेरिडॉल दिलं आणि बाबा दोन दिवसांत लाकडासारखे ताठ, घास गिळता येईना, ह्या आजारात ते औषध घातक ठरू शकतं हे नंतर समजलं. राग जात नाही अजून.

ह्या आजाराच्या मुळाशी असलेलं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रोटीन मेंदूत सगळ्यांच्याच असतं, 140 अमिनो आम्लांची माळ. ते चुकीचं दुमडलं की शेजारच्या चांगल्यालाही आपल्यासारखं करतं, मग पेशीत गुठळ्या. आईला सांगत होतो तर दुधाचं पातेलं उतरवत म्हणाली, "म्हणजे विरजणच की रे." अगदी तेच! ज्याचं नाव आजाराला आहे त्या डॉक्टर फ्रेडरिक लुईला ह्या गुठळ्या 1912 मध्येच दिसलेल्या, पण त्या कशाच्या ते कळायला 1997 उजाडलं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ, प्रोटीनं वेगळी, घोळ तसलाच.

मला खातंय ते वेगळंच. ह्या गुठळ्या बऱ्याच जणांत मेंदूतल्या वासाच्या भागात लवकर होतात, विसरणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी. आठेक वर्षांपूर्वी दूध जळून पातेलं काळं पडलं, घरभर वास, बाबा ओट्याजवळच पेपर वाचत बसलेले, आणि मी ओरडलो होतो, "बाबा, तुम्हाला नाक आहे की नाही?" इंदूरच्या सराफा बाजारातली जिलबी पूर्वीसारखी राहिली नाही हेही तेव्हापासूनच म्हणायचे. आणि झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, तेही ह्यातलंच निघालं, आईने वेगळी गादी घातली त्यावर आम्ही भावंडं हसायचो.

डॉक्टर म्हणाले कपड्यांचे ढीग, हलणारे पडदे असलं काही समोर नको, त्यातूनच माणसं दिसायला लागतात. उद्या सकाळी ते इस्त्रीचे कपडे कपाटात लावतो. पोरं कुठे गेली विचारलं तर काय सांगायचं ते आईला विचारायला हवं.