256 सॅम्पल, पण कोणत्या ड्रायव्हरचे?

घरी रेकॉर्डिंग करणारे एकमेकांना बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांचा, गठ्ठा) किती ठेवलाय ते हमखास विचारतात. खाली ड्रायव्हर, म्हणजे साउंडकार्ड आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा प्रोग्राम, कोणता आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. मी एकाच लॅपटॉपवर तोच आकडा वेगवेगळ्या ड्रायव्हरांना लावून पाहिला, त्याची ही हकिकत.

निमित्त झालं आमच्या सोसायटीतल्या काकूंचं. अभंग छान म्हणतात. हेडफोन लावून पहिली ओळ गायल्या आणि थांबल्याच. "अरे, माझाच आवाज माझ्या मागून येतोय. त्याच्यासाठी थांबत जाऊ का मी?"

या उशिराचा कागदावरचा हिशेब सोपा आहे. बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल. 48000 हर्ट्झला 256 सॅम्पल म्हणजे साधारण 5.3 मिलिसेकंद. आवाज आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक, म्हणजे पावणेअकराच्या आसपास. एवढ्या वेळात हवेतून आवाज साडेतीन मीटरभर जातो, म्हणजे खोलीच्या पलीकडच्या भिंतीजवळच्या स्पीकरइतकाच उशीर. पण घोडं पेंड खातं ते पुढे. ड्रायव्हर स्वतःचे राखीव बफर वर टाकतो, यूएसबी आपला वाटा घेतं, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर आपला. ड्रायव्हरच्या सेटिंगच्या पॅनलवर हे सगळं दिसेलच असं नाही.

म्हणून पॅनल बाजूला ठेवलं आणि केबल घेतली. इंटरफेसचं, म्हणजे माइक-हेडफोन जोडायच्या बाहेरच्या साउंडकार्डाचं, आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडायचं, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टिक वाजवायची आणि तीच परत रेकॉर्ड करायची. त्याआधी सेटिंगमधली ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करण्याची खूण काढून टाकायची, नाहीतर मोजणीत काही अर्थ उरत नाही. मग झूम करत करत दोन टिकांमधले सॅम्पल मोजायचे. इंटरफेसच्या स्वतःच्या एसिओ (विंडोजवरचा कमी उशिराचा प्रकार) ड्रायव्हरवर, 256 ला, अंतर आलं 672 सॅम्पल. म्हणजे 14 मिलिसेकंद. लॅपटॉपच्या अंगच्या साउंडकार्डावर एसिओ4ऑल टाकून तोच 256 लावला, तर चोविसाच्या पुढे. एसिओ4ऑल हा काही खरा हार्डवेअरचा ड्रायव्हर नव्हे, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेलं एसिओचं सोंग आहे. इंटरफेस नसलेल्याला मात्र मोठाच आधार, हेही खरं. विंडोजच्या जुन्या एमएमई या ऑडिओ पद्धतीवर तर शंभराच्या वर गेलं, तिथे गाणं सोडाच. वासापी या विंडोजच्या नव्या पद्धतीचा शेअर्ड मोड विंडोजच्या मिक्सरमधून जातो, एक्सक्लुझिव्ह मोड त्याला वगळतो. फरक कानालाही कळतो, फक्त साउंडकार्ड एकट्याच्या ताब्यात असल्याने तोवर ब्राउझर मुका होतो.

मग बफर 64 वर आणला आणि तडतड सुरू झाली. प्रोसेसर जेमतेम पंधरा टक्के चालू, तरी आवाज तुटतोय. इथे बरेच जण नवा लॅपटॉप घ्यायला निघतात. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवणारं लेटन्सीमॉन थोडा वेळ चालू ठेवलं, तेव्हा चोर सापडला: नेटवर्कचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसत होता. 64 सॅम्पलचा बफर 1.3 मिलिसेकंदांत भरून द्यायचा असतो. तेवढ्यात कुणी दोन मिलिसेकंद वाट अडवली की संपलं, मग प्रोसेसर कितीही रिकामा असो. वायफाय बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, आणि 128 ला तासभर एकही खरखर नाही. 64 चा हट्ट मी सोडला. तिथे वाचणारे दोन-तीन मिलिसेकंद मला तरी ऐकू येत नाहीत.

लिनक्सवर शब्द बदलतात, गोष्ट तीच. पाइपवायर या तिथल्या ऑडिओ यंत्रणेत बफरला क्वांटम म्हणतात आणि तो मुळात 1024 असतो, म्हणजे एकवीस मिलिसेकंद. तो 128 वर बांधला, कार्डाचं प्रोफाइल प्रो ऑडिओ केलं आणि तिचं पीडब्ल्यू-टॉप हे देखरेखीचं साधन उघडून चुकांचा रकाना बघत बसलो. विंडोजवर कानाने ओळखावी लागणारी तडतड इथे आकड्यात दिसते, आणि हे मला फार आवडलं.

काकूंचा प्रश्न मात्र बफरने सुटलाच नाही. 14 मिलिसेकंदही त्यांना खुपत होते. आपला आवाज हाडांतून आधीच कानात पोचलेला असतो, मागून हेडफोनमधला येतो आणि दोन्ही मिळून पोकळ लागतात. शेवटी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू केलं. आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता थेट कानात. गायकाला रिव्हर्ब, म्हणजे दालनात गाताना येते तशी घुमणारी आस, हवाच असतो. तो तेवढा कॉम्प्युटरमधून दिला, मूळ आवाज पूर्ण काढून. रिव्हर्ब वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, उलट आवाज मोकळा वाटतो. मग बफर निवांत 512 ठेवता आला, मिक्स करताना 1024.

हार्मोनियमचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली पेटी, कीबोर्डवरून वाजवताना ही पळवाट नाही, कारण सूर कॉम्प्युटरच्या पोटातच तयार होतो. तेवढ्यापुरता 128, इंटरफेसचाच ड्रायव्हर, आणि वायफाय बंद.